सुलट बाजूचा फोटो

४ मार्च

दोरा दाताने तोडणार तेवढ्यात मुकादम बाई आत आल्या, म्हणून कापड तसंच मांडीखाली सरकवलं आणि त्यावर बसून राहिले. त्या समोरच्या कपाटातल्या उशांच्या खोळी मोजत उभ्या. सुई अजून दोऱ्याला लटकलेली, ती मला टोचत होती. दादा, कामाच्या वेळात देवाचं काम करणाऱ्याने असं चोरासारखं बसावं का, ते तू ठरव. तू रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आहेस.

त्या गेल्या, मी दोरा तोडला, झालं. दोन महिने लागले. चादरीचा तुकडा नेहमीसारखाच, बाद झालेल्यांतला. कोपऱ्यात आमच्या दवाखान्याचा जुना निळा शिक्का आहे, तो मी मुद्दाम ठेवला. मधे एक नाव, खाली एक तारीख, भोवती गवताच्या चार काड्या. भरतकामातलं देठटाका आणि गाठी, एवढंच मला येतं.

फोटो छापून आणले. पाकिटात दोन आहेत. उलट बाजूचा तुझ्या इंटरनेटवरच्या पानासाठी. सुलट बाजूचा तुझ्यासाठी.

हे नियमात बसत नाही. नियम तूच केलास: सुलट बाजू ज्याच्यासाठी केली त्याची, जगाला फक्त उलट बाजू. नाव नाही, चेहरा नाही, लोकांनी खाली काही लिहायचं नाही, आणि किती जण पाहतात ते मला सांगायचं नाही. सहा वर्षं पाळला. गाठी आणि दोऱ्यांचा गुंता पाहून लोकांना काय मिळतं देव जाणे. तू म्हणतोस मिळतं. पण हे नीट जमलंय, दादा. इतकं नीट याआधी जमलं नव्हतं. एका तरी माणसाने पाहावं असं वाटलं. पाहा आणि फाडून टाक.

हे आमच्या इस्त्रीवरच्या ताईंसाठी केलंय. त्या डिसेंबरात निवृत्त होतील. एवढंच तुला माहीत असू दे.

गुडघ्याला तेल लावतोस की नुसता बाटलीकडे बघतोस?

तुझी
चिमणी (वय एकोणपन्नास)


१२ मार्च

प्रिय चिमणे,

सप्रेम सलाम. तेल लावतो. बाटलीकडे बघतो ते आधी, धीर यावा म्हणून.

पाकीट शुक्रवारी मिळालं. रविवारी उपासनेनंतर फोटो टाकला. सुलट बाजू टेबलावर उभी करून दोन दिवस पाहिली. शाळेत मी मुलांना चित्रकला शिकवत होतो तेव्हा रेघ शिकवता आली, रंग शिकवता आला, थांबायचं कुठे ते एकालाही शिकवता आलं नाही. तू तारखेखाली थांबली आहेस. मी असतो तर आणखी एक फूल काढलं असतं आणि सगळ्याचं वाटोळं केलं असतं.

फाडायला हात उठत नाही. थोडे दिवस राहू दे.

बाबांची आठवण आली. उपदेश संपल्यावर कोणी हात मिळवायला पुढे आलं की ते मागच्या दाराने निघून जायचे. आई म्हणायची, देवाची स्तुती करताना यांचा घसा बसत नाही, पण यांची कोणी केली की लगेच सर्दी होते.

ते नाव कोणाचं? अशी नावं आता कोणी ठेवत नाही. तारीख चाळीस वर्षांपूर्वीची. मूल असावं असा माझा अंदाज. सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

पानाबद्दल एक विचारतो. किती जण पाहतात ते तुला खरंच नको आहे का? तू विचारलंस तरच सांगेन. नियम आहे, पण विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

तुझा
दादा


२१ मार्च

दादा,

नको. विचारत नाही. एकदा ऐकलं की पुढच्या टाक्याला तो आकडा बोटांत येईल. हे तूच सांगितलं होतंस, तुझ्या स्वयंपाकघरात कांदे चिरताना, आणि मला ते इतकं पटलं होतं की मी कांद्याशिवायच रडायच्या बेतात होते.

कापड दिलं. जेवणाच्या सुट्टीत, धुलाईघराच्या मागे वाफेचे पाइप जातात तिथे. ताईंनी उघडून पाहिलं. नावावरून बोट फिरवलं, एकदाच. मग घडी घालून पोलक्यात ठेवलं. त्यानंतर दुपारभर त्यांच्या इस्त्रीखालून एक सुरकुती बाहेर आली नाही. एरवीही येत नाही म्हणा.

त्यांच्याबद्दल विचारू नकोस. त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्यालाही नाही, दोन मुलांनाही नाही. चादरी पोचवायला मी बायकांच्या विभागात जाते तेव्हा कोणाच्या तरी पलंगाशी थांबून प्रार्थना करते, हे त्या कित्येक वर्षं पाहत होत्या. म्हणून मला सांगितलं. तुझा अंदाज तुझ्यापाशी ठेव आणि तो फोटो फाड.

एक गंमत. काल जिन्यात एका नर्सने थांबवून विचारलं, त्या भरतकामवाल्या तुम्हीच का? मी म्हटलं, मी ठिगळवाली. ती हसून गेली. तिला कुठून कळलं असेल? उलट बाजूवरून दवाखानासुद्धा ओळखता येत नाही. बहुधा आमच्या साहेबांनी कुठेतरी तोंड उघडलं. बाद चादरी नेते म्हणून त्यांच्याकडे मीच अर्ज केला होता.

चिमणी


३० मार्च

प्रिय चिमणे,

सलाम. डोळ्यांवर ताण येतो, म्हणून थोडक्यात.

चर्चची घंटा दुरुस्तीला दिली आहे. त्यामुळे कोणी अर्धा तास आधी येतं, कोणी अर्धा तास उशिरा, आणि दोघंही घंटेला दोष देतात. तरुण पाळकांनी मागच्या रविवारी उपदेशात एका निनावी बहिणीच्या कामाचं उदाहरण दिलं. गाजावाजा न करता केलेलं काम देव आपण होऊन कसं पसरवतो, असं काहीसं. मी मान खाली घालून बसलो. शेजारच्या औषधवाल्याने कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाला, सर, तुमच्याच घरातली ना?

कोणाला तरी त्याने धीर येत असेल तर ते वाईट कसं? मी विचारतो आहे, सांगत नाही.

एका गोष्टीबद्दल भेटल्यावर बोलायचं आहे. पत्रात नीट येणार नाही. तू रागावणार नाहीस असं वाटतं. फोटोबद्दल लिहिलंस ते लक्षात आहे.

दादा


१० एप्रिल

दादा,

बारा मार्चच्या पत्रात तू लिहिलंस, रविवारी फोटो टाकला. कोणता ते लिहिलं नाहीस. काल ते पत्र काढून पुन्हा वाचलं.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

इस्त्रीवरच्या ताईंना पाच वर्षांची नात आहे. तिचं नाव ताईंनी ठेवलं. सुनेच्या मनात दुसरं होतं, पण ताई हटून बसल्या, माझ्या आजीचं नाव आहे म्हणाल्या. त्यांच्या आजीचं ते नाव नव्हतं. ज्या मुलीचं होतं ती याच दवाखान्यात जन्मली आणि तीन दिवस जगली. ताईंचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. ते नाव मात्र मी या कागदावर लिहीत नाही.

या रविवारी सुनेला तिच्या मैत्रिणीने तू टाकलेला फोटो पाठवला. कौतुकाने, की बघ तुझ्या लेकीचं नाव कोणी किती सुंदर भरलंय. सुनेने कोपऱ्यातला शिक्का पाहिला. मग तारीख पाहिली. मग खाली तुझी ओळ वाचली: या दवाखान्याच्या धुलाईघरात आयुष्यभर राबलेल्या एका आईसाठी. दादा, धुलाईघरात आम्ही सहा बायका आहोत. चाळीस वर्षांपूर्वी मूल होण्याच्या वयाची त्यातली एकच.

दुपारी सगळे जेवत होते. सुनेने फोन सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, हे काय आहे? त्यांना वाचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ताईंना काहीही सांगता आलं असतं. त्यांनी खरं सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांना खरं बोलायला सांगणारी मी, मला वाटलं, त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी त्या कामावर आल्या नाहीत. मुकादम बाईंनी जाऊन चौकशी केली, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. म्हणजे आता धुलाईघरालाही कळलं. मंगळवारी मी घरी गेले. ताईंनी दार अर्धंच उघडलं. मागे नात त्यांच्या पदराला धरून ओढत होती आणि सून तिला आतून हाका मारत होती, त्याच नावाने. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो.

ताई म्हणाल्या, "तू देवापुढे बोलतेस म्हणून तुला सांगितलं. माणसांपुढे बोलशील असं वाटलं नव्हतं."

आणि दार लावून घेतलं.

परत आल्यावर जिन्यातल्या त्या नर्सकडे फोन मागितला आणि तुझं पान सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. खाली लोकांनी लिहिलेलं आहे. ते बंद ठेवतो म्हणाला होतास. त्यांना उत्तरंही आहेत. जणू मीच दिलेली. हे टाके मी रडत रडत घातले, असं मी कोणाला तरी सांगितलं आहे. पहाटे उठून, गुडघे टेकून, मगच सुई हातात घेते, असंही सांगितलं आहे. मी रडले नव्हते, दादा. मी टाके मोजत होते आणि मुकादम बाई येतात का ते बघत होते.

मला एवढंच सांग. केव्हा ठरवलंस?


१५ एप्रिल

चिमणे,

पान काढून टाकलं. लोकांनी पुढे पाठवलेले फोटो माझ्या हातात नाहीत. औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सर, ते आता परत येत नसतात.

केव्हा, ते सांगतो. पाकीट उघडलं तेव्हाच. रविवारपर्यंत थांबलो ते प्रार्थनेसाठी, असं स्वतःला सांगितलं होतं. प्रार्थना केली नाही. फोटोखालची ती ओळ कशी लिहावी याचा विचार करत होतो. तीन वेळा लिहिली. 'राबलेल्या' हा शब्द शेवटी सुचला आणि मला आनंद झाला.

उलट बाजू पाहणारे सतरा होते. सहा वर्षांत सतरा. त्यात एक मी, एक औषधवाला आणि एक पाळकांची आई. त्यांना दिसत नाही, कोणीतरी लावून देतं. आणि मी तुला म्हणत राहिलो, लोकांना मिळतं. बारा तारखेला मी तुला विचारायला सांगत होतो तेव्हा आकडा नऊ हजारांवर गेला होता. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं आणि मग तूही यात आली असतीस. मला वाटतं, मला तेच हवं होतं.

शाळा सुटल्यापासून माझ्याशी कोणी चित्राबद्दल बोललं नव्हतं. गुडघ्याबद्दल बोलतात. आता रोज सकाळी कोणीतरी विचारत होतं, ही जागा रिकामी का सोडली, गवत तिरकं का. ते तुला विचारत होते. उत्तरं मला येत होती. पहिल्यांदा 'मी' लिहिलं ते घाईत, आणि मग सुधारलं नाही. पुढचं घाईत नव्हतं.

एक सांगतो, ते सबब म्हणून वाचू नकोस. नियम आपल्यासाठी आहे असं मी धरून चाललो होतो. आपण फुगू नये म्हणून. बाबा मागच्या दाराने जायचे तसा. मोडला तर पाप माझं, पाहणारा देव, आणि त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे. त्यात तिसरं कोणी असेल हे मनात आलं नाही. तू एकवीस तारखेला लिहिलंस की त्यांच्या घरी कोणाला माहीत नाही. तेव्हा मी फोटो काढायला हवा होता. पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि आधी कोणी काय लिहिलंय ते पाहायला गेलो.

मी येतो. त्यांच्या घरी जाऊन सांगतो की तुझा काही दोष नाही. गाडीत बसणं जमेल.

आणखी एक विचारायचं आहे. मला अधिकार नाही हे कळतं. तू ती बाजू मला का पाठवलीस?

दादा


२१ एप्रिल

दादा,

येऊ नकोस. त्या दारात आणखी एक अनोळखी माणूस नको. तू गेलास तर तेही छान बोलशील.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की मी त्यात माझी बाजू शोधते आहे, म्हणून ठेवून दिलं.

का पाठवली. मी तिसरीत असताना तू माझी चित्रांची वही तुझ्या वर्गात नेऊन दाखवायचास, माझ्या बहिणीची म्हणून. घरी येऊन सांगायचास की मोठी मुलं गप्प झाली. मला अजून एकदा कोणीतरी गप्प व्हायला हवं होतं. एका तरी माणसाने पाहावं असं मी लिहिलं. ते एक माणूस ताई होत्या. त्यांच्यासाठी केलं, त्यांच्या मुलीचं नाव, आणि त्यांनी पाहायच्या आधी पंधरा दिवस मी ते तुला दाखवलं. फोटो छापणाऱ्यालाही दाखवलं. तो छान आहे म्हणाला आणि मी दुकानातून बाहेर पडेपर्यंत हसत होते.

म्हणून तू मोकळा होत नाहीस. मी पाकिटात घातलं ते विश्वासाने घातलं होतं. फाडून टाक म्हणून दोनदा लिहिलं. तू मला फसवलंस आणि एक महिना बाटलीचे आणि घंटेचे विनोद लिहीत राहिलास. मी ते इथे बायकांना वाचून दाखवत होते. ताईही हसल्या होत्या त्या बाटलीवर.

नियमाचं तू लिहिलंस तसंच माझंही होतं. मलाही तो आपल्यासाठीच वाटायचा. कोणाला कळत नाही आणि आपण करतो, याची मला गोडी लागली होती. ताईंनी सांगितलं त्या दिवशी मला वाटलं होतं, बघ, देवाने माझ्यावर किती विश्वास टाकला. ताईंनी टाकला होता, हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

प्रार्थनेत तुझं नाव येतं, सवयीने. त्या नावानंतर शब्द येत नाही. आमेन म्हणून उठते.

त्यांच्या घरचं जे कळतं ते मुकादम बाईंकडून. नवरा जेवतो, पण ताट स्वतः वाढून घेतो. सून नातीचं नाव बदलायचं म्हणते. थोरला मुलगा तिच्या बाजूने. धाकटा एकदा येऊन आईशेजारी बसला आणि विचारलं, ती कशी दिसायची? ताई म्हणाल्या, आठवत नाही. मुकादम बाई म्हणतात, तेव्हा त्या रडल्या, त्याआधी नाही.

त्यांची दोन आठवड्यांची रजा आज संपते. त्या राजीनामा देणार असं सगळ्या धरून चालल्या आहेत. दुसरी बाई त्यांच्या टेबलावर शिकायलाही लागली आहे, बाह्या जाळते. त्या आल्याच तर त्यांच्याशी काय बोलायचं ते मी काल लिहून काढलं. पाठ करताना ते मला चांगलं वाटायला लागलं, म्हणून फाडलं. आता काही तयार नाही.

यापुढे तुला फोटो येणार नाहीत. भरतकाम करेन की नाही ते माहीत नाही. केलं तरी तुला कळणार नाही. पत्र लिहायचं तर लिही. गुडघ्याबद्दल लिही, ते खरं असतं.

हे उद्या जाताना पेटीत टाकते.


२२ एप्रिल, सकाळी

पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहिते.

ताई आल्या. सात वाजता, वेळेवर. इस्त्री तापायला लावली. नव्या बाईला बाह्या कशा धरायच्या ते दाखवलं. त्यांच्याकडे आलेल्या फाटक्या चादरी माझ्यापर्यंत न आणता दाराजवळच्या टोपलीत टाकल्या. मी उठून जाऊन त्या आणल्या आणि ठिगळं लावायला बसले. नऊ होत्या.